जुन्या फर्निचरच्या झिजलेल्या कडा: भरायच्या, पट्टी जोडायची की तशाच ठेवायच्या?

अनुस्वार (धागाकर्ती)

नवीन घरात शक्यतो जुनंच फर्निचर आणायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. कोल्हापुरात जुने वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहताहेत, त्यामुळे शोधलं तर सागवानी सामान अजून मिळतं. पेठेतल्या एका जुन्या सामानवाल्याकडून दोन खणांचं लिहायचं टेबल मिळालं. वरची फळी ठणठणीत आहे. पण पुढची कड मधोमध झिजून गोल झालीय, डाव्या कोपऱ्याचा अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा उडालाय, आणि उजवा खण ओढला की नाक खाली करतो. कडेवर एके ठिकाणी काहीतरी आपटल्याचा खड्डाही आहे.

दुसरं एक प्लायचं कपाट, वरून सागाचं व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा). दाराच्या कडेची पट्टी सुटलीय, ओढणी अडकते. तिसरं चपलांचं कपाट, पार्टिकल बोर्डचं, ते शेजाऱ्यांनी जाताना फुकट दिलं. त्याची खालची कड फुगलीय.

हार्डवेअरवाले म्हणतात, "लांबी (पुट्टी) भरा, वरून टचवुड (तयार वॉर्निश) मारा, विषय संपला." सुतारमामा म्हणतात, सगळ्या कडा रंध्याने सरळ करून नवीन पट्टी मारू. मला दोन्ही पटत नाहीये, पण का पटत नाहीये तेही सांगता येत नाही. घरी इस्त्री, पॉलिश पेपर, एक पटाशी आणि बराच उत्साह आहे. काय करू?

तांबडा_पांढरा

ताई, आधी फोटो टाका की वो. फोटोशिवाय सल्ला म्हंजे पेशंट न बघता गोळी. बाकी सागवान हाय म्हणताय तर लांबी भरू नका एवढंच सांगतो. आमच्या घरातल्या पलंगाला एका कारागिरानं लांबी भरून दिलेली, उन्हाळा आला की सगळी खपली निघाली.

इंटिरियरवाला

पट्टी मारा. सरळ हिशोब आहे. जुनी कड दुरुस्त करण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या पाव वेळात नवीन टीक पट्टी बसते, आणि कड धारदार, एकसारखी दिसते. गिऱ्हाईक कडाच बघतं.

सुतारपक्षी

धागा वाचून राहवलं नाही. शिरोली आणि उद्यमनगरच्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून साचा उठवून धातू ओततात तो नमुना, करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. बिडाचं कास्टिंग थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीच तेवढी मोठी आखलेली असते. पॅटर्नची कड अर्धा मिलिमीटर झिजली तरी पॅटर्न परत येतो, कारण ती झीज प्रत्येक कास्टिंगमध्ये उतरते. त्यामुळे कड भरणं, सांधणं, पितळी पट्टी ठोकणं हे सगळं करून झालंय. आणि म्हणूनच सांगतो, टेबल म्हणजे पॅटर्न नव्हे. तिथे धार पाहिजे असते, इथे नको असते.

पुढची कड मधोमध गोल झालीय ती कोपरं टेकून. लिहिणाऱ्याच्या मनगटाला ती कड आता बरोबर बसते. रंध्याने सरळ करायची तर कमीत कमी ५-६ मिलिमीटर चांगलं जुनं सागवान भुश्यात जाणार, फळीची रुंदी कमी होणार, आणि नवी धारदार कड पुन्हा मनगटाला टोचणार. तिथे काहीही भरू नका. १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, फक्त कुसळं बसेपर्यंत, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. बास.

कोपऱ्याचं वेगळं. तुटलेला कोपरा पदर अडकवतो, आणि उघड्या पडलेल्या आडव्या रेषा, म्हणजे फळीच्या टोकाला कापले गेलेले तंतू, पाणी ओढतात. तो दुरुस्त करायलाच हवा, आणि तिथे लाकूडच बसवा. कोपऱ्यावर लांबी टिकत नाही कारण तिला धरून ठेवायला दोनच बाजू, आणि धक्का नेमका तिथेच बसतो.

खड्ड्याबद्दल एक विचारतो. रेषा तुटल्यात की नुसत्या दबल्यात? नखाने बघा.

अनुस्वार

दबल्यात वाटतं. तुटलेलं काही हाताला लागत नाही. फोटो टाकलेत.

सुतारपक्षी

फोटो बघितले. मग तो खड्डा भरायचा नाही, उठवायचा. दबलेल्या रेषांना वाफ दिली की त्या फुगून परत वर येतात. आधी तेवढ्या जागेवरचं पॉलिश काढून घ्या, नाहीतर उष्णतेने ते पांढरं पडेल आणि पाणीही आत शिरणार नाही. खड्ड्यात पाण्याचे दोन थेंब टाका, थोडं मुरू द्या. सुती फडकं ओलं करून चार पदरी घडी त्यावर ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक टेकवा, चर्र आवाज थांबेपर्यंत. उचला, बघा, पुन्हा. पूर्ण नाही आलं तरी निम्म्याहून जास्त येतंच. त्यानंतर एक रात्र वाळू द्या आणि मगच पेपर मारा. ओलं असतानाच घासलंत तर वाळल्यावर पुन्हा खळगा दिसेल.

हे भरीव लाकडावरच करायचं. व्हिनियरवर वाफ दिली तर खालचा गोंद सुटतो, आणि एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) तर फुगून बसतं.

गृहकृत्यदक्ष

इस्त्रीचा हा उपयोग माहीतच नव्हता! वाचनखूण साठवली.

अनुस्वार

काका, कोपऱ्याचं जरा सविस्तर सांगाल का? सुतारमामा म्हणाले, "एवढ्या कामाला कोण येणार." म्हणजे मलाच करायचंय.

सुतारपक्षी

सांगतो. लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुकड्याचं लाकूड. वखारीत नवीन साग मागू नका. ताजा कापलेला साग फिकट, कुठे हिरवट, कुठे पट्ट्यापट्ट्यांचा असतो, उजेडात राहून राहून तो सोनेरी तपकिरी होतो. तोपर्यंत तुमचा कोपरा दुरून ओळखू येईल. जुन्या चौकटीचा, खिडकीच्या झडपेचा तुकडा मागा. तुकड्यावर आणि टेबलावर स्पिरिटचं फडकं फिरवा. ओलं असताना जो रंग दिसतो साधारण तोच पॉलिशखाली दिसणार, त्यामुळे जुळणी तेव्हाच बघायची, कोरडी नाही.

दुसरी गोष्ट, काप. तुटलेली जागा वेडीवाकडी आहे, तिच्यावर तुकडा बसणार नाही. बारीक दातांच्या करवतीने तो कोपरा तिरका कापून सपाट करायचा, वरून बघितलं तर त्रिकोण जावा असा. लोक इथे चौकोनी खाच घेतात. चौकोनी खाचेत एक बाजू हमखास आडव्या रेषांवर येते. आडव्या रेषा गोंद पिऊन टाकतात आणि सांधा कच्चा राहतो. तिरक्या कापात रेषा तिरप्या भेटतात, गोंदाला जागा जास्त मिळते. शिवाय रेषांना आडवा छेद देणारी सरळ रेघ नजर लगेच पकडते, तिरकी रेघ रेषांमध्ये हरवते.

कापलेली बाजू पटाशीने साफ करा. गुण्या किंवा पोलादी पट्टी टेकवून उजेडासमोर धरा, फटीतून उजेड दिसता कामा नये. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

तिसरी गोष्ट, तुकडा सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर मोठा ठेवा. रेषांची दिशा जुळवाच, आणि जमलं तर आडव्या बाजूची वलयंही. चिकटवण्याआधी दोन्ही बाजू थिनरने पुसा, साग तेलकट असतो. मग फेविकॉल एसएच दोन्हीकडे पातळ लावा. तिरक्या बाजूवर क्लॅम्प घसरतो, म्हणून आधी तुकडा जागेवर दाबून पुढेमागे घासा. गोंदातली हवा आणि जास्तीचा गोंद निघून जातो आणि तुकडा एकदम पकडतो. हाताला कळतं ते. त्या क्षणी सोडून द्यायचा आणि पॅकिंगची टेप ताणून बांधायची. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

मग रंधा. रंधा नेहमी बाहेरून आत, कोपऱ्याकडून फळीकडे. आतून बाहेर मारलात तर टोकाला लाकूड चिरफाळतं आणि नवा तुकडा परत नव्याने करावा लागतो. रंधा नसेल तर लाकडाच्या ठोकळ्याला ८० नंबरचा पेपर गुंडाळून घासा, वेळ लागेल पण धोका नाही.

आणि शेवटी, बाकीचे तीन कोपरे बघा. ते गोलसर झालेत. कानशीने चौथाही तसाच करा. काटकोनी, कोरा कोपरा ठेवलात तर सांधा कितीही चांगला असो, दुरुस्ती दिसणारच.

इंटिरियरवाला

काका, मान्य, सुंदर काम. पण हे छंद म्हणून. मजुरी लावून कोण करून देणार? आणि खरं सांगा, अरल्डाइटमध्ये (दोन नळ्यांतलं मिसळून लावायचं इपॉक्सी) भुसा कालवून भरला तर काय बिघडतं? आम्ही सर्रास करतो.

सुतारपक्षी

काही बिघडत नाही, जागा बघून करा. खिळ्याची भोकं, कडेवरची नखाएवढी टवका गेलेली जागा, दोन फळ्यांमधली चीर, इथे मीही तेच भरतो. करवतीचा जाड भुसा मात्र नको. त्याच लाकडावर पेपर घासून निघालेली पीठी घ्या, त्यात चिमूटभर गेरू किंवा पिवडी. रंग जरा गडदच ठेवा. जुन्या लाकडावर गडद ठिपका गाठीसारखा खपून जातो, फिकट ठिपका डोळ्यात खुपतो. पाच मिनिटांत घट्ट होणारं नको, सावकाश वाळणारं घ्या. कडेला पॅकिंग टेपचा बांध घाला. त्या प्लास्टिकला अरल्डाइट धरत नाही, वाळल्यावर टेप सरळ निघते आणि कड तयार मिळते.

फेविकॉलमध्ये भुसा कालवून भरतात, त्याला माझा विरोध आहे. वाळलेला फेविकॉल रंग पीत नाही. वरून स्टेन मारला की आजूबाजूचं लाकूड रंगतं आणि तेवढा डाग वेगळा उठून दिसतो.

अनघा_को

आमचे बाबा पॉलिशचं काम करायचे, म्हणून थोडी भर.

रंग लावायच्या आधी जुनं पॉलिश कशाचं आहे ते बघा. टेबलाच्या मागच्या बाजूला स्पिरिटचा थेंब टाका आणि मिनिटभराने बोट लावा. चिकट झालं तर ते चपडा लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे हल्लीची रासायनिक पॉलिशं. वाड्यातल्या जुन्या टेबलावर बहुधा चपडाच निघेल. तो असेल तर तुमचं काम निम्मं झालं. नवा चपडा जुन्यात विरघळून एकजीव होतो, फक्त कडेला लावला तरी सीमारेषा दिसत नाही. मेलामाइनला हे सुख नाही, तिथे अख्खी फळी करावी लागते.

बाबा लिटरभर स्पिरिटला दीडशे-दोनशे ग्रॅम चपडा भिजवायचे, काचेच्या बरणीत, लोखंडी डब्यात कधी नाही. लोखंडाने लाख काळपट होते. सुती फडक्यात कापसाचा बोळा, त्यावर पॉलिश, आणि एकाच जागी थांबायचं नाही. कडेवर हात हलका ठेवायचा, कारण बोळा कडेवरून उतरताना पिळला जातो आणि ओघळ येतात. हे शिकवून येत नाही, कडेला दोनदा ओघळ आले की येतं.

टेबलाला बारीक टवके असतील आणि अरल्डाइटचा व्याप नको असेल तर मेण: मधमाश्यांचं मेण, थोडी राळ आणि गेरू, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवायचं. गॅसवर थेट ठेवू नका. पण मेण शेवटच्या पॉलिशनंतर भरायचं, आधी नाही. मेणावर पॉलिश बसत नाही. आणि हात टेकतो तिथे भरू नका, उन्हाळ्यात मऊ होतं.

तांबडा_पांढरा

अनघाताई, नाद खुळा! हे टचवुडवाल्यांना कोण सांगणार.

दुधाळीकर

कपाटाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. ताई, कपाट कुठून आलंय ते विचारलंत का? २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या भागात घराघरात पाणी होतं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. पुरात भिजलेलं किती फर्निचर पॉलिश मारून विकलं गेलं असेल ते देव जाणे. कडेची पट्टी नुसती झिजून सुटली असेल तर प्रश्न नाही. पाण्याने सुटली असेल तर पट्टी बदलून उपयोग शून्य.

ओळखायचं कसं: कपाट आडवं करा आणि खालची कड बघा, तिथे कोणी पॉलिश मारत नाही. प्लायचे थर एकमेकांपासून सुटून पुस्तकासारखे उघडलेत का? बिजागरीचे खालचे स्क्रू गंजलेत आणि वरचे चकचकीत आहेत का? बोटाच्या पेराने खालपासून वर टकटक करत या, आवाज पोकळ होतो तिथे थर सुटलेत. मागच्या फळीच्या खाचेत बारीक गाळ राहतो, तो कितीही पुसला तरी निघत नाही.

प्लाय आयएस ७१० म्हणजे मरीनचा असेल तर बऱ्याचदा वाचतो. साधा एमआर असेल तर तो दमटपणा सोसण्यापुरताच असतो, दिवसचे दिवस पाण्यात उभा राहण्यासाठी नाही.

अनुस्वार

बघितलं. थर नीट आहेत, गंज नाही, फक्त दाराच्या हाताळायच्या बाजूची पट्टी सुटलीय. हुश्श.

इंटिरियरवाला

मग आता माझं ऐका, इथे पट्टीच लागते. जिथे पट्टी अखंड आहे पण उचलली गेलीय, तिथे आत साचलेली धूळ ब्लेडने काढा, वर साधा कागद ठेवून इस्त्री फिरवा आणि लगेच लाकडी ठोकळ्याने दाबून धरा. जुना गोंद गरम होऊन परत धरतो. नाही धरला तर फेविकॉल लावून टेपने बांधा. जिथे पट्टीच नाही तिथे दाराच्या पूर्ण उंचीची एकच नवी पट्टी मारा, मधे जोड देऊ नका. इस्त्रीने चिकटणारी तयार व्हिनियर पट्टी मिळते, पण रोज हात लागणाऱ्या बाजूला मी ती वापरणार नाही. तीन-चार मिलिमीटरची भरीव सागाची पट्टी घ्या.

पट्टी थोडी रुंद घ्यायची आणि नंतर पटाशीने तासायची. तासताना दाराच्या व्हिनियरवर चिकटपट्टी लावून घ्या. ते व्हिनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतं, पेपर जरा जास्त फिरला की खालचा प्लाय दिसायला लागतो, आणि मग त्याला उपाय नाही.

सुतारपक्षी

शंभर टक्के बरोबर. प्लायची कड म्हणजे उघडी जखमच, ती झाकायलाच हवी. माझं भांडण भरीव सागावर पट्टी मारण्याशी होतं.

दुधाळीकर

आणि चपलांच्या कपाटावर वेळ घालवू नका. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून बसवलेला लाकडाचा चुरा. पाणी लागलं की दाबलेला चुरा मोकळा होतो, वाळला तरी परत बसत नाही. फुगलेली कड घासलीत तर पोह्यासारखी निघत राहील. फारच जीव असेल तर फुगलेला भाग सरळ कापून टाका, कापलेल्या कडेवर अरल्डाइट चोळा आणि खाली लाकडी गुटके लावून कपाट जमिनीपासून उचला. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चपला ओल्याच येणार.

गृहकृत्यदक्ष

अवांतर: माझ्याकडे आजीचा हिरव्या ऑइलपेंटचा पाट आहे, कडांना रंगाचे पोपडे. घासू का?

अनघा_को

कोरडा घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, आजीचा पाट त्याच्या कितीतरी आधीचा. पाण्याचा पेपर ओला करून घासा, मास्क लावा, चिखल कागदावर गोळा करून टाका. घरात रांगतं मूल असेल तर हे काम गॅलरीतही नको.

अनुस्वार

खणाचं राहिलंच की! नाक खाली करतो त्याचं काय?

सुतारपक्षी

तीही कडेचीच झीज, फक्त दिसत नाही. खण बाहेर काढून उलटा करा. बाजूच्या फळ्यांची खालची कड मागच्या टोकाला झिजून उतरती झाली असेल, आणि टेबलात ती ज्या पट्टीवर सरकते तिथे चर पडला असेल. वर्षानुवर्षं भरलेला खण ओढला की असंच होतं. पेपर मारून गुळगुळीत केलंत तर आणखी उतरेल.

झिजलेली कड रंध्याने सरळ करा, जेवढं लाकूड गेलं तेवढ्या जाडीची कडक लाकडाची पट्टी चिकटवा. बाभूळ, ऐन, शिसव, काहीही चालेल, सागापेक्षा टणक पाहिजे. खिळे नकोत. पट्टी झिजत गेली की खिळ्याचं डोकं वर येतं आणि खालची पट्टी कापत सुटतं. आतल्या चराचंही तेच करा. बसल्यावर सरकत्या जागी साधी मेणबत्ती चोळा. तेल लावू नका, धूळ धरतं.

जुनं_ते_सोनं

एवढं सगळं वाचून वाटतं की जुन्या वस्तूंना हातच लावू नये. झीज हेच तर सौंदर्य. कोपरा तुटला तर तुटला.

सुतारपक्षी

आणि पदर फाटला तर फाटला? ज्या कडेने कोणाला त्रास नाही ती सोडून द्या, हे मीच पहिल्या प्रतिसादात म्हटलंय. त्रास देणारी कड दुरुस्त करा. वापरातलं टेबल आहे, म्युझियममधलं नाही.

अनुस्वार

प्रगती: खड्डा इस्त्रीने जवळजवळ पूर्ण उठला, नवरा अजून तिथे बोट फिरवून बघतोय. स्पिरिटचा थेंब चिकट झाला, म्हणजे चपडा. आता पॉलिश लगेच करू की पाऊस संपू दे?

अनघा_को

थांबा. दमट हवेत चपडा मारला की स्पिरिट उडताना हवेतली वाफ धरतो आणि पांढुरका पडतो. दसऱ्यानंतर करा, चिकटवायची कामं आत्ता उरकून घ्या. उघड्या लाकडावर तोवर बेलतेलाचा (उकळलेल्या जवसाच्या तेलाचा) हात वगैरे देऊ नका, मग चपडा नीट बसत नाही. आणि इतर कशासाठी बेलतेल वापरलंत तर फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मग टाका.

अनुस्वार

धन्यवाद! कोपऱ्यासाठी जुन्या चौकटीचा तुकडा दोन वखारींत विचारला, एवढासा कोणी देईना. अख्खी चौकट घ्या म्हणाले.

सुतारपक्षी

घेऊ नका. माझ्याकडे जुन्या पॅटर्नचे सागाचे तुकडे पोतंभर आहेत. टेबलाच्या मागच्या पायाचा एक फोटो चांगल्या उजेडात काढून मेसेज करा, रंग बघून दोन-तीन बाजूला काढून ठेवतो. येताना खण घेऊन या, पट्ट्या इथेच बसवू. टेबल आणू नका, आमचा जिना अरुंद आहे.

तांबडा_पांढरा

काका, पोतंभर म्हणताय तर आमच्या पलंगाचंबी बगा की. पाय तेवढे आणतो.